वाळवी ऐकणारे आण्णा

सर्व घरमालकांना, भाडेकरूंना, बिल्डरांना आणि चौकटीच्या आत बसून हे ऐकत असलेल्या समस्त वाळवीला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की ज्या प्रश्नाने मारुंजीपासून पौडपर्यंतची जनता हैराण झाली आहे, त्याचे अधिकृत उत्तर आज देण्यात येत आहे. प्रश्न असा, की भिंतीतली वाळवी शोधण्यासाठी महागडी यंत्रे घेण्यात अर्थ आहे का? कृपया शांतता राखावी. पंखे बंद करावेत. उत्तर असे : मला माहीत नाही.

घर घेण्याआधी ते तपासून देणं हा माझा धंदा आहे, आणि धंदेवाल्याने असं उत्तर देऊ नये हे मला कळतं. पण मी चौदा वर्षं कासार आंबोलीच्या आण्णांबरोबर घरं तपासली आहेत. त्या माणसाच्या सहवासात राहून ज्याचा गोंधळ उडाला नाही, त्याने आण्णांना नीट पाहिलंच नाही असं मी समजतो.

आण्णा मूळचे सुतार. उंचीने बेताचे, कानांनी मात्र भरपूर. ते कान असे बाहेर आलेले होते की डोक्यावरची टोपी जणू त्यांच्यावरच टेकलेली असायची. त्यांचा दावा एकच, आणि तो सगळ्या मुळशीत ठाऊक होता. "वाळवी बोलतीया. फकस्त ऐकणारा पायजे." ऐकण्याचा सोहळा ठरलेला होता. पंखा बंद, फ्रीज बंद, लहान मूल असेल तर शेजारी पाठवायचं. मग पिशवीतून लाकूड तासायची पटाशी निघायची. तिच्या लाकडी मुठीने चौकटीवर तीनदा टकटक करायची, आपला भला मोठा कान लाकडाला लावायचा, डोळे मिटायचे. घरातली माणसं श्वास रोखून उभी. मग निकाल : "भरीव" किंवा "पोकळ".

पोकळ निघालं की मी हटकून विचारायचो, "आण्णा, काय म्हणतेय ती?"

"म्हंतीया, उंबरा संपवला, आता बिजागरीपत्तुर आलोय. पाव्हणं जेवून जा."

घरमालकीण कपाळाला हात लावायची. मी त्या लाकडाला कैकदा कान लावला. मला कधी काहीच ऐकू आलं नाही. "शहरातला कान हाय सायब, हॉर्ननं मेला तो," असं आण्णा म्हणायचे, आणि पुण्यात वाढल्याची मला शरम वाटायची.

पुढे हिंजवडीकडच्या गिऱ्हाइकांना टकटक पुरेना. "यावर काही रिपोर्ट मिळतो का?" असं ती विचारू लागली. तेव्हा मी दोन यंत्रं घेतली. एक कॅमेरा, भिंतीचा गरम-थंडपणा रंगात दाखवणारा. दुसरा एक डबा. तो भिंतीला लावला की आतली हालचाल टिपतो आणि लाल दिवा लावून टिकटिकतो. मी तो मखमली कापडात गुंडाळून आण्णांच्या ओसरीवर नेला आणि जादूगारासारखं कापड ओढलं. आण्णांनी डबा हातात घेतला, उलटा केला, हुंगला.

"ह्याला कान कुटं हायेत?"

"कान नाहीत आण्णा. हा भिंतीच्या आरपार बघतो. फक्त तो चालू असताना कुणी हलायचं नाही."

"आन् मी चालू असताना कुणी बोलायचं न्हाई," आण्णा म्हणाले. "म्हंजी आता गिऱ्हाइकानं पुतळाच व्हायचं म्हना की."

तसंच झालं. आमच्या पुढच्या प्रत्येक तपासणीत घरमालक हात अवघडून, तोंड मिटून, नाकावर माशी बसली तरी न हलता उभे असायचे.

पहिली लढाई मुळशीतल्याच चांदे गावात झाली. कॅमेऱ्यात बेडरूमच्या भिंतीवर एक लालभडक पट्टा उमटला. मी छाती फुगवून जाहीर केलं, "वारूळ!" आण्णांनी टकटक केलं आणि नकारार्थी मान हलवली. मी यंत्राचं ऐकलं. मालकाने भिंत फोडली. आत गच्चीवरच्या सोलरचा गरम पाण्याचा पाइप निघाला. आण्णा ओट्यावर बसून चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "वाळवीनं आंगुळीचं पानी काढलं का वो सायब?" हे वाक्य मी पुढे वर्षभर त्यांच्याकडून ऐकलं.

दुसरी लढाई मारुंजीच्या एका फ्लॅटमधली. या वेळी मी एक खोडी काढली. आण्णांच्या आधीच डबा लावून बघितला. कपाटामागे दिवा लागला, टिकटिक झाली. डब्याचं गुपित फुटू नये म्हणून मी चेहरा अगदी कोरा ठेवून उभा राहिलो. आण्णा आले, टकटक केलं. हल्ली ते डोळे मिटत नसत, उघडे ठेवून माझ्याकडे बघत. मला वाटायचं, इतक्या वर्षांनी आपल्यावर जीव जडला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "भरीव." चांद्याचा अपमान ताजा होता. मी त्यांचं ऐकलं. तीन महिन्यांनी त्या कपाटाची पाठ हातात आली, मागे नुसती माती. मी ते आण्णांना सांगितलं. समोरचा चहा तसाच ठेवून ते उठले. मी त्यांना चहा टाकून उठताना पहिल्यांदाच पाहत होतो.

यंत्र एकदा चुकलं, माणूस एकदा चुकला. आता विश्वास कुणावर ठेवायचा? मी ज्याला विचारावं तो मलाच विचारायचा.

अशा अवस्थेत सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या. सारा जन्म क्वार्टरमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांत काढलेला. आता कासार आंबोलीत दोन खोल्यांचा जुना बंगला त्यांच्या मनात भरला होता. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. सोमवारी सही करायची होती.

"मला रंगीत फोटो नकोत," त्या म्हणाल्या. "घर घेऊ की नको, एवढंच सांगा. चुकले तर पुन्हा उभं राहायचं वय नाही माझं."

आम्ही फाटकाशी पोचलो आणि आण्णा थबकले. "ही चौकट माझी हाय," ते म्हणाले. पुढच्या दाराची सागवानी चौकट त्यांनी तरुणपणी बसवली होती. उभी केली त्या दिवशी मालकाने टॉवेल-टोपी देऊन नारळ फोडला होता. कुठल्या बाजूला फोडला तेही त्यांनी दाखवलं. "साऱ्या बंगल्याला वाळवी लागंल सिस्टर, हिला लागायची न्हाई."

खोल्या नीट निघाल्या. शेवटी चौकट राहिली. मी डबा लावला. दिवा लाल. टिकटिक, टिकटिक. मागे पाल आहे का बघितलं. पाल नव्हती. रस्त्यावर डंपर? नव्हता. आण्णांनी पटाशीची मूठ आपटली. मला तो आवाज काही बरा वाटला नाही, पण आण्णांचा चेहरा एवढा आशेने माझ्याकडे वळलेला होता की मी त्यांना धीर द्यायला हसलो.

"भरीव!" आण्णा म्हणाले.

टिकटिक, डबा म्हणाला.

"बंद करा त्येला सायब. डंपर दिसला तरी वरडतंय ते."

"डंपर नाही आण्णा."

"मंग तुमी हललासा."

मी पुन्हा डबा लावला, ते पुन्हा ठोकायला लागले. तीन वेळा हेच. सिस्टर बाजूला पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. त्या हलल्या. चपला काढून, पाऊल न वाजवता आण्णांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि आपण बोलतो तेवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आण्णा, चहा टाकू का?"

आण्णा चौकटीकडे बघत राहिले.

"आलं घालून?"

काही नाही. चहाला ज्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, ते आण्णा! सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

मी समोर जाऊन ओठ मोठे करून विचारलं, "आण्णा, कधीपासून?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या सिस्टरकडे पाहिलं. सगळं समजले. पटाशी खाली केली.

"दोन वरसं झाली असतील," ते म्हणाले. "मोठ्यानं बोललेलं येतंय, वटावरनं बी कळतंय. ठोकल्यालं न्हाई येत."

"मग तुम्ही सांगत होतात कसं?"

"तुमच्या तोंडाकडं बघून. मी ठोकलं का तुमचं तोंड सांगतंय. पोकळ आसलं का तुमची भुवई चढतीया. मारुंजीला तुमी मेल्यागत उभं ऱ्हायलासा, काय वाचणार?"

वाचकहो, इथे जरा बसून घ्या, मीही बसलो होतो. दोन वर्षं मी आण्णांच्या चेहऱ्याकडे बघून निकाल मानत होतो आणि आण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघून तो देत होते. मग एवढ्या घरांतली वाळवी शोधली कुणी? यांच्या पटाशीने? माझ्या भुवईने? मला तर काहीच येत नव्हतं! आणि येत असेल, तर मी यंत्रं कशाला घेतली?

या गोंधळात शुद्धीवर दोनच माणसं होती. सिस्टर म्हणाल्या, "आण्णा, मला सोमवारी सही करायचीय." एवढंच. मोठ्याने.

आण्णांनी टोपी काढून उंबऱ्यावर ठेवली. "माझी हाय, मीच उघडणार," म्हणत ते खाली बसले आणि पटाशी उलटी करून तिचं पातं चौकटीच्या तळाशी टेकवलं. ठोकायची वेळच आली नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेरून सागवान, आत माती. मागाहून कुणीतरी तिथे भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा केला होता, त्याच्या ओलीतून वाळवी वर चढली होती. आण्णांनी हाताने एक ढलपा काढला, बोटांत चुरला आणि सिस्टरना म्हणाले, "घर चांगलं हाय, घ्या. ही चौकट तेवढी काढा. नवी मी देतो. आन् तो वाफा आजच्या आज हलवा."

सिस्टरनी घर घेतलं. जमिनीला औषध मारून झाल्यावर आण्णांनी नवी चौकट बसवली. ती त्यांची शेवटची. या खेपेला नारळ सिस्टरनी फोडला. त्याच आठवड्यात त्यांनी आण्णांना हाताला धरून पुण्याला नेलं आणि कानाचं मशीन बसवून आणलं. "घरं तपासत हिंडता, स्वतःला कधी तपासलंत?" असं म्हणत त्यांनी वाटभर झापलं, आणि येताना मशीन असल्यामुळे आण्णांना ते सगळं ऐकावं लागलं.

गेल्या वर्षी आण्णा गेले. पटाशी त्यांच्या मुलीने मला आणून दिली. माझ्या बॅगेत ती मखमलीत गुंडाळलेली असते. कॅमेरा आणि डबा नुसतेच. घर तपासताना मी डबा लावतो, मग पटाशीने टकटक करतो, आणि मग घरमालकाच्या तोंडाकडे बघतो. दहातली नऊ घरं बरोबर येतात. त्या तिन्हींतलं नेमकं काय बरोबर आलं, ते मला सांगता येत नाही. नव्याने धंद्यात आलेले लोक फोन करतात, "सर, यंत्र घेऊ का?" मी त्यांना त्या एका दुपारची गोष्ट सांगतो आणि पुढचं त्यांच्यावर सोडतो.

कानात मशीन घालून आण्णा पुण्याहून परतले ती दुपार. जुनी चौकट सिस्टरच्या अंगणात आडवी पडलेली, जाळायची राहिलेली, आत वाळवीचा संसार अजून जोरात. मी सवयीने डबा लावला. टिकटिक. आण्णा म्हणाले, "थांबा, मी बगतो." चाळीस वर्षं ज्यांनी मुळशीभर सांगितलं की वाळवी बोलते, जे तिचे निरोप घरोघर पोचवत आले, ते आण्णा गुडघ्यावर बसले. कान लाकडाजवळ नेला. आधी मशीनने शिट्टी मारली, मग ते गप्प झालं. सिस्टर आणि मी, दोघं पुतळे. लाकडाच्या आत कोरड्या पानांवरून कुणी बोट फिरवावं तशी बारीक सळसळ चाललेली असणार. आण्णांचे डोळे हळूहळू मोठे झाले. ते झटकन मागे सरले, माझा दंड धरला आणि भर अंगणात ओरडले,

"आयला, सायब! ही खरंच बोलतीया की!"