शनिवारचे मोजे

नागपुरात पांढऱ्या मोज्यांवर माझ्या थोरल्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस आजवर झाला नाही, आणि मी लिहून देतो, पुढेही होणार नाही. थोरले साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. नोकरीची सगळी वर्षं कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत काढली, निवृत्तीनंतर नंदनवनात घर बांधलं. आता अशा माणसाने सकाळी फिरावं, संध्याकाळी बाकावर बसून देशाची चिंता करावी की नाही? पण नाही. जावई नोकरीसाठी बाहेरगावी, म्हणून मुलगी रंजू आणि चौथीतली नात पिहू त्यांच्याकडेच राहतात, आणि पिहूच्या शाळेच्या मोज्यांचं खातं भाऊजींनी स्वतःकडे घेतलंय. त्यात बायकोला प्रवेश नाही, वॉशिंग मशीनला तर नाहीच नाही. "मशीनले काय समजते गा, डाग कशाचा आहे ते?" असं ते मशीनच्या तोंडावर बोलतात.

पिहू घरी आली की दप्तराच्या आधी मोजे उतरतात. भाऊजी ते खिडकीशी नेतात, उलटे करतात, हुंगतात आणि निकाल देतात. चिखल असेल तर ओला असताना हात लावायचा नाही, वाळू द्यायचा, झटकायचा, मग पाणी. गुडघा फुटून रक्त ओघळलं असेल तर थंडच पाणी, गरम पाण्याने ते जन्माचं बसतं. एकदा सकाळी सातला त्यांचा फोन आला. मला वाटलं, कोणी गेलं. तर म्हणतात, "मोजा रस्त्यावर मळतच नाही. तो बुटात मळते." या शोधाच्या आनंदात त्यांचा आवाज कापत होता. त्या दिवसापासून ते पिहूचे बूट रोज आतून ओल्या फडक्याने पुसतात. पाहुण्यांचेही पुसतात. दोनदा ओल्या बुटांत पाय घालून घरी आल्यावर मी तिकडे चपला घालून जायला लागलो.

हळदीवर तर त्यांचा विशेष लोभ. सावनेरला एका लग्नात व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भाजीचा रस्सा सांडला. भाऊजींनी भर मांडवात तो सदरा उतरवून घेतला आणि साबण लावला. डाग लालभडक झाला. व्याही हबकले. "घाबरू नका, साबण लागला का हळद लाल होतेच. आता फक्त ऊन पाहिजे," असं म्हणून भाऊजींनी सदरा गच्चीवर टाकला. मंगलाष्टकं व्याह्यांनी बनियनवर ऐकली, पण जेवायला बसले ते स्वच्छ सदरा घालून.

बाकी सगळं मी समजू शकतो, पण ती अगरबत्ती. मोजे दोरीवर घालण्याआधी भाऊजी गच्चीत अगरबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहतात. वारा कोराडीकडून असला की मोजे घरात. ही वसाहतीतली सवय. तिकडे केंद्राच्या कोळशाच्या राखेचा वारा पाहूनच कपडे वाळत घालायचे. रंजू तिसरीत असताना एकदा भाऊजींनी वारा न पाहता तिचे मोजे बाहेर टाकले आणि ते करडे झाले. महिनाभर कवायतीचा सराव केलेल्या पोरीला बाईंनी ओळीतून काढून कडुनिंबाखाली उभं केलं. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

यंदा पिहूची कवायतीच्या पहिल्या ओळीत निवड झाली. पाचवीपासून मोजे निळे, म्हणजे पांढऱ्यांचं हे शेवटचं वर्ष. पहिल्या ओळीसाठी शाळेने निळ्या पट्टीचे खास मोजे दिले, एकच जोडी. कवायत शनिवारी. शुक्रवारी सुट्टी होती म्हणून मी हौसेने तर्री-पोहे घेऊन गेलो. मला मोजे दाखवायला पिहू ते घालून नाचत आली, आणि तर्रीचा पिवळाजर्द रस्सा थेट घोट्यावर. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. भाऊजी मात्र शांत. साबण लावला, डाग लाल झाला, मोजे उन्हात गेले. "संध्याकाळपर्यंत उडते," म्हणाले.

अकराच्या सुमाराला गच्चीतल्या अगरबत्तीचा धूर वळला. भाऊजींनी उत्तरेकडे, कोराडीच्या दिशेला पाहिलं, मोजे उचलले आणि खोलीत पंख्याखाली टांगले. मी म्हटलं, "भाऊजी, कोराडी कुठे, नंदनवन कुठे. इतक्या लांब राख काहून येईल? ऊन पाहिजे न त्याले."

"तुम्ही राख नाही पाहिली," एवढंच ते बोलले. ऊन गेलं, मोजे वाळले, आणि घोट्यावर बोराएवढा पिवळा डाग तसाच राहिला. भाऊजी जेवले नाहीत.

शनिवारी आम्ही सगळे मैदानाच्या कुंपणाशी उभे. बाई ओळीतून एकेकीला पाहत येत होत्या. पिहूपाशी थांबल्या, वाकल्या. भाऊजींनी माझं मनगट असं धरलं की हात बधिर झाला. बाईंनी पिहूच्या बुटाची नाडी घट्ट बांधली आणि पुढे गेल्या. ढोल वाजला.

"राहिली," भाऊजी म्हणाले. "ओळीत राहिली गा."

रंजूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, ते कडुनिंबाखालचं तुम्ही अजून धरून बसले का? मी तर कधीचीच विसरली."

"तू विसरली वं," भाऊजी म्हणाले. "तुले पाहाले मी ड्यूटीवरून तसाच आलो होतो. तू निंबाखाली, अन् माझ्या अंगभर तीच राख. बाईले काय बोलू मी?"

मी उगाच चपलेतला खडा काढत बसलो.

घरी आल्यावर भाऊजींनी मोजे धुतले आणि गच्चीत नेले. वारा उत्तरेचाच होता, मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. त्यांनी मोजे लख्ख उन्हात दोरीवर घातले आणि खाली आले. अगरबत्ती त्यांनी देवापुढे लावली.