वेबसाइटच्या तळाशी दोन नावं

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. दिल्लीत द्वारका भागात इन्स्पेक्टर असतानाचं हे एक मात्र आजही स्पष्ट आठवतं.

द्वारकेत तेव्हा मेट्रो नुकतीच आली होती आणि गुडगावात काचेचे टॉवर उभे राहत होते. विमानतळावर नोकरी लावतो, असं सांगून बाहेरगावच्या मुलांना फसवल्याच्या तक्रारी आमच्याकडे येऊ लागल्या. कंपनीची वेबसाइट झकास होती, पत्ता मात्र खोटा. एका तक्रारदाराने दाखवलं, की पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ती बनवणाऱ्यांची दोन नावं आणि मोबाइल नंबर आहेत.

"सर, मुलज़िम मिल गए," त्या दोघांनाच आरोपी धरून माझे सब-इन्स्पेक्टर म्हणाले.

मी नंबर लावला. पलीकडे एका मुलीचा उत्साही आवाज. "जी सर, वेबसाइट बनवानी है?"

गुन्हेगार असा फोन उचलत नाही. मी कारण न सांगता ठाण्यात बोलावलं. काम मिळणार या समजुतीने ती आणि तिचा वर्गमित्र, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून, नमुन्यांची सीडी घेऊन आले. नुकतेच पदवीधर झालेले, नोकरी नाही, म्हणून घरूनच मिळेल ते काम करणारे.

दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. ते तंतोतंत जुळले. हे त्यांचं पहिलंच काम. गिऱ्हाईक दर वेळी गुडगावच्या मॉलमधल्या कॉफी शॉपमध्ये भेटायचा. ऑफिसचा फोटो मागितला, तर म्हणाला, कुठल्याही चांगल्या टॉवरचा लावा.

मुलगी मराठी निघाली. केंद्र सरकारच्या नोकरीतले तिचे वडील धावत आले. "बाबा, मी फक्त साइट बनवली," म्हणून ती रडू लागली.

मी मराठीत म्हटलं, "मग रडू नकोस. तो माणूस हाती कसा लागेल, ते सांग."

तिने डोळे पुसले. "काका, साइटचा पासवर्ड आमच्याकडे आहे. बंद केली, तर तो स्वतःच फोन करेल."

तिने साइट तिथेच बंद केली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. तो चिडला होता. तिने शांतपणे सांगितलं, "सर, सर्वर बदलना है, आपके साइन चाहिए." ठरलेल्या कॉफी शॉपमध्ये साध्या वेशातले आमचे लोक शेजारच्या टेबलांवर बसले होते. तो आला आणि सापडला. चौकशीत त्याने साथीदारांची नावं दिली. निर्दोष माणूस ठाण्यात थरथरतो. या गृहस्थाने आल्याबरोबर चहा मागितला होता.

मुलगा आणि मुलगी सरकार पक्षाचे साक्षीदार झाले. जबाबावर सही करायला ती आली, तेव्हा बाकावर तिच्याच वयाचा एक तक्रारदार बसला होता. तिने विचारलं, "तुम्हें शक नहीं हुआ?"

तो सहज म्हणाला, "मॅडम, साइट इतनी अच्छी थी. लगा, कंपनी भी अच्छी होगी."

तिच्या कामाला मिळालेली ती पहिली दाद असावी.  ती बराच वेळ त्याच्या शेजारी बसून राहिली.

वडिलांनी बँकेच्या परीक्षेचा आग्रह धरला, पण तिने हे काम सोडलं नाही. पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "काका, आता आधी गिऱ्हाइकाचं दुकान बघून येते, मगच काम घेते."

आमच्या तपासात प्रश्न एवढाच असतो, की गुन्हा कोणी केला. आपण चोख केलेलं काम कुणाच्या हातात जातं, हाही प्रश्न विचारायचा असतो, हे मी त्या मुलीकडून शिकलो.