वेणूंचं कपाट

वाचनालयात कोणी पुस्तक परत करायला आलं, की वकीलकाकू ते आधी नाकाशी धरायच्या. हिंगाचा वास आला तर ते स्वयंपाकघरात वाचलं गेलं, कापराचा आला तर कोणाच्या तरी आजारपणात, पेटीतल्या वाळ्याचा आला तर चोरून. आणि कसलाच वास नसला, तर काकू चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "वाचलंच नाही वो तू. नुसतं घरी फिरवून आणलं." समोरची बाई लाजून हसायची, म्हणजे काकूंचं बरोबर असायचं.

हे वाचनालय अकोल्याला जठारपेठेत होतं, फक्त बायकांसाठी, दुपारी दोन ते पाच. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या शाळेचे तपासनीस नागपूरहून यायचे. मी अमरावतीहून मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले होते, बाविशीची होते, आणि दुपारी शाळा सुटली की खोलीवर एकटं बसण्यापेक्षा वाचनालयात जाऊन बसायची. काकूंचे यजमान शहरातले नावाजलेले वकील आणि वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष. काकू तिथं हौसेनं बसायच्या. सगळ्या त्यांना वकीलकाकू म्हणायच्या, मीही म्हणायची. त्यांचं नाव काय, हे विचारावं असं मला वर्षभर सुचलं नाही.

वाचनालयात तीन कपाटं होती. पहिल्यात पोथ्यापुराणं आणि संतांची चरित्रं, दुसऱ्यात गोष्टी, कादंबऱ्या आणि खालच्या फळीवर शाळेची पुस्तकं. तिसऱ्याचा मात्र मला उलगडा होत नव्हता. त्यात सुइणींसाठी लिहिलेलं बाळंतपणाचं पुस्तक होतं, त्याला लागून भूमिती, तिच्याशेजारी लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक, मग कवितांची एक बारीकशी वही, गुरांच्या रोगांवरची पुस्तिका, एक दोन अंकी नाटक आणि संस्कृत व्याकरणावरचा एक जाडजूड प्रबंध. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. एक दिवस भूमिती उचलून मी शाळेच्या पुस्तकांकडे निघाले.

"ठेव तिथं," काकू म्हणाल्या.

"पण काकू, भूमितीशेजारी लोणची?"

"त्यायचं जमते," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नोंदवहीत डोकं घातलं.

काकू एरवी नीट पुस्तकी बोलायच्या, पण मनातलं काही असलं की थेट माहेरच्या वऱ्हाडीत उतरायच्या. तेव्हा इथं काहीतरी आहे, एवढं मला कळलं. पुढे एका दुपारी कोणीच नव्हतं, तेव्हा मी त्या कपाटातलं एकेक पुस्तक उघडून पाहत गेले. विषय वेगळे, गावं वेगळी, आडनावं वेगळी. लिहिणाऱ्याचं पहिलं नाव मात्र प्रत्येकावर एकच होतं. वेणू.

मी विचारलं तेव्हा काकूंनी टाळलं नाही. एका डॉक्टरांच्या मागे त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात वकीलसाहेबांनी कायद्याची समजून पुस्तकांची एक पेटी घेतली होती. पेटी घरी उघडली, तर तळाशी ते सुइणींचं पुस्तक. "नाव पाहिलं अन् मी खालीच बसली," काकू म्हणाल्या. "मले वाटलं, हे मीच लिहिलं अन् विसरून गेली."

मला काहीच समजलं नाही. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"माहेरचं नाव वो माझं. अकरा वर्षं होतं. मग लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं इंदिरा लिहिलं. इंदिरा इकडं आली अन् वेणू तिकडं चांदूर बाजारलेच राहिली."

तेव्हापासून त्या पुण्या-नागपूरच्या पुस्तकवाल्यांना कार्डं पाठवायच्या, की वेणू नावाच्या व्यक्तीने लिहिलेले काही असल्यास कळवावे, विषय कोणताही चालेल. एका पुस्तकवाल्यानं उलट विचारलं होतं की आपली नक्की आवड काय आहे, ते कळल्यास सोयीचे होईल. काकूंनी ते कार्ड जपून ठेवलं होतं आणि दाखवताना डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या होत्या.

त्यांनी ती पुस्तकं नुसती जमवली नव्हती. भूमितीतले सिद्धांत त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं सोडवले होते. गवळ्याची म्हैस फुगली, तेव्हा गुरांची पुस्तिका बघून त्यांनी त्याला उपाय सांगितला आणि म्हैस उठली. तो पाया पडायला आला तर म्हणाल्या, "माझ्या नको पडू. वेणूनं सांगितलं." गवळी बिचारा कितीतरी दिवस गल्लीत वेणूबाईंचं घर विचारत होता. मी एकदा त्यांना म्हटलं, काकू, तुम्हाला हे सगळेच विषय कसे आवडतात? त्या म्हणाल्या, "आवडायचं नाई वो, तारा. मी शिकली असती तर यातली कोणती झाली असती, ते पाहून राहिली." आणि लगेच स्वतःच हसल्या, "सगळ्याच झाली असती, तर यांचा स्वयंपाक कोणी केला असता म्हणा!"

व्याकरणावरचा प्रबंध लिहिणाऱ्याला त्यांनी फार आदरानं पत्र लिहिलं होतं, 'सौभाग्यवती वेणूताई यांस'. उत्तर आलं ते दक्षिणेकडच्या एका शास्त्रीबुवांचं. वेणू म्हणजे बुवाच निघाले. मी पोट धरून हसले आणि म्हटलं, आता तरी हे कपाटातून काढा. काकूंनी प्रबंधावरची धूळ पदरानं पुसली. "राहू दे त्याले. नाव चांगलं लागलं बाप्याले. अन् बदलावंबी लागलं नाही."

दुसऱ्या वर्षी मंडळावर नवे चिटणीस आले. तरुण होते, नागपूरला राहून पुस्तकं विषयवार लावायची पद्धत शिकून आले होते, आणि वागायला अतिशय सभ्य. त्यांनी ठराव आणला की सगळी कपाटं नव्यानं लावावीत. रविवारी सकाळी वाचनालयातच बैठक झाली. मंडळाचे पाच गृहस्थ, दाराशी पाटावर काकू, आणि शाळेतर्फे मी. अध्यक्षांच्या खुर्चीवर वकीलसाहेब होते.

"पहिल्या दोन कपाटांत फारसं काम नाही," चिटणीस म्हणाले. "तिसऱ्याला मात्र काही शिस्तच नाही."

"ही पुस्तकं अशी एकत्र ठेवण्याचं काही कारण?" वकीलसाहेबांनी काकूंकडे पाहून कोर्टातल्या आवाजात विचारलं.

"मी पाहिली, साहेब," चिटणीस म्हणाले. "सगळ्यांवर वेणू असं नाव आहे. बाकी काही मेळ नाही."

"वेणू?" वकीलसाहेब हसले. "कोण ही वेणू?"

"मी," काकू म्हणाल्या.

मंडळींना वाटलं काकू थट्टा करताहेत. एकजण हसलासुद्धा. मी वकीलसाहेबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरत गेलं. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. चाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा.

"मी विसरलो होतो," ते म्हणाले. ते मंडळाला उद्देशून नव्हतं.

"तुमचा काय दोष," काकू म्हणाल्या. "तुमी त्या नावानं कधी हाकच नाई मारली."

या ठरावावर आपण मत देणार नाही, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. चिटणिसांचे कान लाल झाले होते. आपण ठरावच मागे घेतो, असं ते म्हणू लागले, आणि बाकीच्यांनीही घाईघाईनं माना डोलावल्या. पण काकू पाटावरून उठल्या.

"मागं कावून घेता? बरोबर आहे तुमचं. पोरी भूमिती शोधत येतात, त्यायले ती लोणच्यापाशी कशी सापडन? मी ठेवली माझ्यासाठी. वाचनालय काही माझ्या एकटीचं नाही. लावा जिथली तिथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी आणि मी मिळून ते कपाट रिकामं केलं. मला वाटत होतं त्या रडतील. त्या एकेक पुस्तक विचार करून जागेवर ठेवत होत्या, एखाद्या मुलीला नव्या वर्गात बसवावं तशा. सुइणींचं पुस्तक तेवढं त्यांच्या हातात बराच वेळ राहिलं. मग तेही वैद्यकाच्या फळीवर गेलं. हात झटकून त्या म्हणाल्या, "एका कोपऱ्यात होती. आता साऱ्या घरात झाली."

त्यानंतर आठवडाभरानं मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. वकीलसाहेब ओसरीवर होते. मी आणि काकू आत बोलत बसलो होतो, आणि बाहेरून हाक आली, "वेणू, जरा पाणी आणतेस का?" आवाज अवघडलेला होता. पहिल्यांदाच कोणाच्या घरी आलेला माणूस दाराशी बोलतो, तसा. काकूंनी कपबशी खाली ठेवली, पाण्याचा तांब्या नेला आणि मला ऐकू येईल अशाच आवाजात, पण फार मऊपणे म्हणाल्या, "त्या नावानं नका हाक मारू. ते एका अकरा वर्षांच्या पोरीचं आहे. तिची अन् तुमची ओळख नाई."

वकीलसाहेब पाणी प्यायले, तांब्या परत दिला.

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं, अमरावतीलाच. सासरकडच्यांनी सुशीला हे नाव आधीच पसंत करून ठेवलं होतं. मी काकूंकडे गेले. मला वाटलं, नाव बदलू नकोस असं त्या मला बजावतील. तसं त्या काही म्हणाल्या नाहीत. "सुशीला बी चांगलं आहे. तारा बी चांगलं आहे. तुले कोणतं पाहिजे ते तू ठरव. पण तू ठरव. मले कोणी विचारलं नव्हतं, अन् मीबी सांगितलं नाही." मी तेव्हाच्या मानानं धिटाई केली, नवऱ्यामुलाला स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी लग्नात तांदळावर तारा लिहिलं. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढे जन्मभर मला तारा म्हणत राहिल्या.

काकू गेल्या तेव्हा माझा धाकटा मुलगा रांगत होता. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला कळलं ते वकीलसाहेबांच्या कार्डानं, अगदी मोजक्या शब्दांत. अकोल्याला भेटायला जाईपर्यंत दोन महिने गेले, तर घराला कुलूप. शेजारचे हलक्या आवाजात सांगू लागले की वकीलसाहेबांनी वकिली सोडली आणि ते चांदूर बाजारला मेहुण्याकडे राहायला गेले. या वयात सासुरवाडीला! लोकांना ते चमत्कारिक वाटत होतं. मलाही वाटलं.

अमरावतीहून चांदूर बाजार काही लांब नाही. एका बाजाराच्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीनं गेले. काकूंच्या भावाचं घर शेतकरी पद्धतीचं, पुढं मोठं अंगण, कडेला बैल बांधलेले. अंगणात बाजेवर वकीलसाहेब बसले होते, वाळले होते. समोर मिरच्यांची टोपली घेऊन एक खूप म्हातारी बाई बसली होती. वकीलसाहेबांच्या मांडीवर कोर्टात न्यायची लांबट वही होती. मला त्यांनी हातानंच बसायची खूण केली आणि काम चालू ठेवलं.

"झाडावर चढायची, म्हणता?"

"हो जी. त्या चिंचेवर. लय द्वाड होती वेणी. चढे भराभरा, अन् मंग खाली पाहे अन् बोंबलत बसे. उतरताच येत नसे तिले."

"मग?"

"मंग काय, मी खालून पाय धरू एकेक. इथं ठेव, इथं ठेव, असं सांगू."

वकीलसाहेबांनी ते सगळं सावकाश लिहून घेतलं. मग वही मिटली, आणि मला म्हणाले, "ताराबाई, आमच्या घरचा जिना उतरताना ती माझा हात धरायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. मला वाटायचं, लाडानं धरते."

म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन उठली, बाजार भरायची वेळ झाली होती. वकीलसाहेब गडबडीनं बाजेवरून उठले आणि तिच्यामागे फाटकापर्यंत गेले.

"उद्या पुन्हा या हं," त्यांनी तिला हात जोडून सांगितलं. "अजून तर ती सातच वर्षांची झाली आहे."