भाषणातले आजोबा

माझ्या मुलीला बहारीनमधल्या ईसा टाउनच्या शाळेत एका अमेरिकन आमदारावर भाषण करायचं होतं. एकोणिसाव्या शतकातला, गुलामीत जन्मलेला हा माणूस सुटकेनंतर निवडून येऊन राज्याच्या विधानसभेत गेला. मुखवटे घातलेल्या लोकांनी त्याचं घर जाळलं, तरी दुसऱ्या दिवशी तो सभागृहात जाऊन बसला. शेवटी मात्र बायकामुलांना घेऊन त्याला ते राज्य सोडावं लागलं.

जवळच्या बुसैतीनमधल्या आमच्या घरी ती सराव करत होती. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली, "माझे आजोबा दलित सरपंच होते. निवडून येऊनही त्यांना गावाने खुर्चीवर बसू दिलं नाही."

"एवढं गाळ," मी म्हणाले. बारा वर्षांत इथे आमची जात मी कुणाला कळू दिली नव्हती. शिवाय नवऱ्याच्या मराठी साहेबांची मुलगी तिच्याच वर्गात होती.

"बट इट्स ट्रू, आई."

कार्यक्रमाला साहेबांच्या बायको नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. मुलीने ते वाक्य गाळलं नाही, उलट सावकाश म्हटलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुमचे वडील?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण स्टेजवरून मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हणाले. "पाच वर्षं जमिनीवर बसून सह्या करायचे."

त्या वर्षी त्यांच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. साहेबांच्या सहीने नवऱ्याचा व्हिसा पुन्हा होईपर्यंत मी रोज धास्तावलेली असायचे. तो झाला. त्या वाक्याबद्दल मुलीला मी कधी रागावले नाही.