परत गेलेलं पातेलं

ये, अशी जवळ सरकून बस. रागावलेय मी तुझ्यावर. धुळवडीला एवढी माणसं जेवायला बोलावलीस आणि सगळं एकटी रांधणार म्हणतेस? कुणाला काही मागायची लाज वाटते म्हणे. ऐक मग.

बोईसरला चाळीत राहत होतो तेव्हा तुझे काका कारखान्यात पाळीवर जायचे. दर धुळवडीला त्यांचे सोबती आमच्याकडे जेवायला. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, वर काहीतरी गोड, सगळं एका स्टोव्हवर. पंगत उठेपर्यंत माझी भूक मरून जायची. त्या वर्षी थोरला कडेवर होता. मी शेजारणीला म्हटलं, "बाय, औंदा मी मटण नि भात तेवढा करते. तू कोलंबी आण, पलीकडची भाकऱ्या थापेल." शेजारीण तारापूरकडची कोळीण, बाजारात मासळी विकायची. हसून म्हणाली, "तुज्या नवऱ्याला इचारलंस का आधी?" मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.

दुपारी ती भरलं पातेलं घेऊन दारात आली. माणसं पानावर बसलेली. ह्यांनी विचारलं, "हे काय हाय?"

"कोलंबी हाय, भावजी. तुमच्या घरवालीनंच सांगितली."

"मी माणसं जेवायला बोलावलीत, वर्गणी नाय काढली. घेऊन जा."

मी पुढे होऊन म्हटलं, मीच मागितली होती. हे पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "घ्या. हिला आता चार माणसांचं रांधवत पण नाय." सगळे हसले. ती पातेल्यासकट माघारी वळली. आपल्यात शेजारणीचं भांडं रिकामंसुद्धा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तिचं भरलेलं परत गेलं.

मटण कमी पडलं, तेही माझ्याच माथी.

त्या दिवसापासून मला बघितलं की ती दार लोटून घ्यायची. पूर्वी बाजारात माझ्या पिशवीत वरून मूठभर जवळा टाकायची, आता म्हणायची, "बाई, भाव सांगितलाय. घ्यायचं तर घ्या." पुढे ते लोक वाणगावला गेले. निघताना चाळीत घरोघरी सांगून आली, माझं दार तेवढं सोडलं.

धुळवडी थांबल्या नाहीत. मी रांधत राहिले, आणि जेवणारे म्हणायचे, वहिनींच्या हाताला चव आहे. त्या चवीला काय चाटायचंय?

तेव्हा तू मागायचं ते माग, पण आधी नवऱ्याला समोर बसवून सांग, कोण काय आणणार ते. तोंड वाकडं केलंन् तर पार्टीच नको करूस.

निघालीस? काका गेल्यापासून दुपार सरत नाही गं माझी. लवकर ये परत.