टाकीखालचा व्हॉल्व्ह

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

न्हावऱ्यात बबनदादा आणि मी जोडीनं प्लंबिंगची कामं करायचो. पाइप जोडण्यात मी त्याच्या तसूभरही मागे नव्हतो. पण फरशीखाली पाणी नेमकं कुठं गळतंय, हे शोधावं त्यानंच. लोखंडी गजाचं एक टोक फरशीला, दुसरं कानाला — डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचा आणि खडूनं फुली मारायचा. तेवढी एकच फरशी फोडायची, गळती हजर. मी समोर उभा असताना लोक मलाच विचारायचे, "दादा कवा येनार?" काय वाटत असेल मला? जळायचो. दुसरा शब्द नाही.

एका नव्या बंगल्यात हॉलला ओल आली होती. मालकानं चार पाहुणे मुद्दाम बोलावले — दादाची करामत बघायला. माझं डोकं फिरलं. टाकी बघतो म्हणून गच्चीवर गेलो आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला. पाइपात दाब नसला की गळतीचा आवाज येत नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक. दादानं खालून विचारलंही, "चालू हाय ना रं?"

मी म्हणालो, "हाय."

त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तासभर पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर फिरत राहिला, मग घाम पुसत उठला. "मला काईच ऐकू येत न्हाई," म्हणाला. निघताना मी व्हॉल्व्ह गुपचूप उघडला. दुसऱ्या दिवशी सहा फरशा फोडून गळती मी काढली, आणि आपले कान गेले अशी दादाची खात्री झाली.

त्यानं हे काम सोडलं. आता शिक्रापूरला एका कंपनीच्या गेटवर उभा असतो. फोन मला येतात.

गेल्या महिन्यात मीच त्याला माझ्या गाडीवर दौंडला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. परत येताना तो मागून म्हणाला, "मग त्या दिवशी काय झालं आसंल रं?"

तेव्हा तरी सांगायचं होतं — नाही? पण हा आता पुन्हा गज हातात घेणार, एवढंच माझ्या मनात आलं.

"डॉक्टरला काय कळतंय, दादा," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. त्याला ते पटलं.