शिवणवाल्या काकूंची पाठ
आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणवाल्या काकू राहतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पाठी मोजल्या. काका गेल्यापासून त्यांची पाठ मात्र कुणी पाहिली नव्हती. मागून बटणं लावायला माणूस नाही, म्हणून स्वतःचे सगळे कपडे त्या पुढच्या बटणांचे शिवतात. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं, मला कळलं या महिन्यात.

एका सोमवारी माप द्यायला गेले, तर म्हणाल्या, डाव्या अंगाला पाठीत नुसती आग होतेय. दिवसभर मशीनवर वाकल्यावर होणारच, असं वरवर बोलून मी निघाले. देवा, ते चुकलंच माझं.

गुरुवारी पूजा आटोपून पुन्हा गेले. काकू लाकडी फुटपट्टीला चिंधी गुंडाळून, पावडर लावून ती पाठीवर फिरवत होत्या. कालपासून घामोळं आलंय, हात पोचत नाही म्हणे.

मी कपडा वर करून पाहिलं. घामोळं पाठभर पसरतं. हा मणक्यापासून निघून बरगडीखालून पोटाकडे वळलेला लाल पट्टा होता, त्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके. उजवी बाजू कोरी. सासूबाईंना असंच झालं होतं. आधी आग, मग फोड. तेव्हा आम्ही आठवडा घालवला. फोड गेले, पण ठणका वर्षभर राहिला.

"काकू, ही नागीण आहे. उठा, डॉक्टरांकडे जाऊ."

"अगं, दोन झबली राहिलीत."

"राहू देत."

डॉक्टरांनीही नागीणच सांगितली. फोड आल्यावर तीन दिवसांच्या आत आलात, गोळ्या लागू पडतील, म्हणाले. फोड झाकून ठेवा, तान्ह्या बाळांपासून लांब राहा. मग विचारलं, घरी पाठ कोण बघतं?

"फुटपट्टी," काकू म्हणाल्या. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून रोज पूजेनंतर मी जाऊ लागले. हळूहळू खपल्या धरल्या, आग ओसरली. आज शेवटची खपलीही गेलेली दिसली. आता रोज यायला नको, मीच म्हणाले. काकूंनी मान डोलावली. सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

"खाली कमरेपाशी बघ ना एकदा. काहीतरी राहिलंय वाटतं."

काही नव्हतं. मी सावकाश पाहिलं.

"आहे थोडं," म्हटलं. "उद्या बघते."

खोटं बोलले, देवा. इथे लिहून ठेवते.